पाच खंड

"डॉक्टर काय म्हणाले?" नवऱ्याने पलंगावरून विचारलं.

"काही नाही हो. अशक्तपणा आहे नुसता."

तो खूश झाला. घराच्या चारही भिंतींना त्याची पुस्तकं, आणि तीस वर्षं त्यांची धूळ झटकणारी बायको एकटी. त्यातली पाच खंडांची एक कादंबरी त्याने निवांतपणी वाचायची म्हणून वरच्या फळीवर राखून ठेवली होती.

"ती काढ आता. महिन्याला एक खंड, सावकाश वाचीन."

ती स्टुलावर चढली. दोन खंड काढले, फडक्याने पुसून त्याच्या उशाशी ठेवले.

"आणि बाकीचे?"

"एवढे बास झाले."

"अगं, तिसरा तरी दे!"

कपाळाला आठ्या घालत ती पुन्हा स्टुलावर चढली.

"देते. पण तो काही वाचून संपायचा नाही हं."