मंगळवारचं टेबल

सूपच्या वाट्या उचलून वेटरने दुसरा पदार्थ मांडला, आणि नेमका तेव्हाच पूजिताच्या फोनवर बन्नूरच्या गोदावरीआत्यांचा, सासऱ्यांच्या बहिणीचा, मेसेज आला. "वनजावहिनीची तिथी आज. अडगे आयता? पानं वाढलीस का गं?"

स्वयंपाक कसला नि पानं कसली! वनजा म्हणजे तिची सासू, जाऊन तीन वर्षं झालेली. गेल्या वर्षी श्राद्ध आटोपल्यावर पूजिताने मोठ्या शहाणपणाने ती तारीख फोनमध्ये घालून ठेवली होती, दरवर्षी आठवण कर म्हणून. वीस डिसेंबर. फोनला तिथीचं काय कळतंय? यंदा तिथी अकरा दिवस अलीकडे सरकली, आणि श्राद्धाच्या भर दुपारी सगळं घर हॉटेलात येऊन बसलं.

मैसूरच्या हॉटेलांचा हा हिवाळी उत्सव दहा दिवस चालतो. ठरलेल्या दरात एकामागून एक तीन पदार्थ, रात्रीपेक्षा दुपारी स्वस्त. म्हणून तिने मंगळवारची दुपार धरली, अर्धी रजा टाकली, टेबल राखून ठेवलं. तिघांनी वेगवेगळं मागवायचं, म्हणजे तिघांत मिळून नऊ पदार्थांची चव, असा तिचा पक्का बेत. चवीचं तरी निमित्तच होतं. तिला नुसतं बसायचं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं समोर यायला हवं होतं. पहाटे पाचला उठून डबे, मग विम्याचं ऑफिस, आल्यावर पुन्हा ओटा. इतकी दमलेली होती की कुवेंपुनगरहून येताना रिक्षातच तिला डुलकी लागली होती.

तिने समोर पाहिलं. सासरे, तिरुमलराव, काट्याने पालकाच्या वडीचा तुकडा तोडत होते. लसणाचा अख्खा पाव त्यांनी सूपबरोबरच संपवला होता. श्राद्धाच्या दिवशी अप्पांच्या पोटात लसूण! तिने फोन मुकाट्याने नवऱ्यापुढे सरकवला.

"अय्यो," नवीन म्हणाला. "तुझ्या लक्षात कसं नाही राहिलं?"

तिला रडूच आलं. आता आत्या बन्नूरला बसून उंटावरून शेळ्या हाकणार, आणि सणासुदीला चार बायकांत सांगत सुटणार, सासूची तिथी विसरून हॉटेलात जेवायला गेली म्हणून. तिने खुर्ची मागे सारली.

"घरी जाऊ. दोन तासांत करते मी सगळं. अप्पा, तुम्ही पुढचं खाऊ नका."

"बस," तिरुमलराव म्हणाले. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "मला माहीत होतं."

"काय?"

"आज पंचमी, ते. मंगळवार चालेल का म्हणून तू विचारलंस, तेव्हाच पंचांग बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत अप्पा?" नवीनचा आवाज चढला.

"आई तुझी. तू का नाही बघितलंस?"

पूजिता अर्धवट उठलेली होती, ती तशीच खुर्चीच्या कडेला टेकली.

"गेल्या वर्षी ही चार वाजता जेवली," तिरुमलराव मुलाला म्हणाले. "ओट्याशी, उभ्यानं. वनजा पण तशीच जेवायची. अडतीस वर्षं माझ्या आईवडलांची श्राद्धं घातली तिनं. श्राद्धाचं चाखायचं नसतं, तर न चाखता रांधायची बिचारी. आणि पहिल्या घासाला मीच म्हणायचो, मीठ कमी पडलं." ते थांबले. बोलून बोलून नव्हे, न बोलता इतकी वर्षं काढून माणूस दमतो तसे ते दमलेले दिसत होते. "अमावास्येला करू या. शास्त्रात सोय आहे तशी. तू रजा टाक, स्वयंपाकाला माणूस बोलवू. आज सुम्ने, निवांत जेवू दे हिला."

पूजिताला आनंद झाला म्हणावं तर अपराधी वाटत होतं, आणि भूक तर सपाटून लागली होती. तिने काटा हातात घेतला, तोच फोन वाजला. गोदावरीआत्या. सवयीने तिचा हात पुढे गेला, पण तिरुमलरावांनी फोन आधीच उचलला होता.

"गोदा, मी बोलतोय. नाही, अडगे नाही केली आज. तिला काही बोलू नकोस, तिथी मीच सांगितली नाही. होय, हॉटेलात."

पलीकडचा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "पूजिताकडे दे फोन! आहे तिथून उठून घरी जा म्हणावं तिला!"

"जेवतेय ती," तिरुमलराव म्हणाले. "भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये गं. वनजाला किती वेळा उठवलं आपण. तू पण होतीस की तेव्हा."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला, आणि पूजिताने खुर्ची टेबलाजवळ ओढून पहिला घास घेतला.