उतरले

"सरकार पडले! सिस्टर, धावा, सरकार पडले!"

मावशींची हाळी जिन्यापर्यंत पोचायच्या आत सिस्टर शुश्रूषागृहातल्या चित्रकलेच्या खोलीत हजर झाल्या. व्हीलचेअर रिकामी. सरकार खाली, सतरंजीच्या काठाशी, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून बसलेले. चेहरा मात्र गड सर केल्यासारखा. शेजारी रंगारीण, हातातला ब्रश हवेतच. तिच्या पाठीला खुर्ची सोसत नाही, म्हणून तिचं सगळं राज्य त्या सतरंजीवर.

सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. डोकं चाचपलं, मनगटं, खुबा, घोटे.

"इथे दुखतं? इथे?"

"तिथे... गुदगुल्या होतात."

"सरकार, थट्टा नको. पडलात कसे?"

सरकारांचा शब्द सावकाश येतो, एकेक पायरी उतरत. घाई केली तर अर्ध्या वाटेवरून परत जातो. सिस्टर थांबल्या.

"पडलो... नाही. उतरलो."

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "उतरायला हा काय घोडा आहे?"

सिस्टरांनी दुर्घटनेचा कागद काढला. त्यावरच्या छापील यादीत पडणे होतं, भाजणे होतं, चुकीचं औषध होतं. उतरणे कुठेच नव्हतं. आणि पडणे लिहिलं की पुढचं ठरलेलं: महिनाभर कमरेला पट्टा. पट्ट्याचं बक्कल खुर्चीच्या पाठीमागे असतं. सरकारांचा हात तिथवर जात नाही.

सरकारांनाही ते ठाऊक होतं. चेहऱ्यावरचा गड हळूहळू खाली आला.

मावशी जवळ सरकल्या, आवाज बारीक करून म्हणाल्या, "राहू द्या ना सिस्टर. लागलं नाही, खुपलं नाही. कोणी बघितलंय?"

"मी बघितलंय."

"तुम्ही काय परक्या आहात?"

"मावशी, आज हे लपवलं तर उद्या मोडलेलं हाडही लपेल. मी लिहिणार."

"लिहा," सरकार म्हणाले. "पण... खरं लिहा."

सिस्टरांनी पेनाचं टोपण परत लावलं. "मग खरं काय ते दाखवा. माझ्या डोळ्यांसमोर."

दोघींनी काखेत हात घालून त्यांना खुर्चीत बसवलं. सिस्टरांनी खाली जाड गादी अंथरली.

"गादी... नको."

"गादी राहणार. हुकूम तुमचे असतील, गादी माझी."

रंगारणीने रंगांच्या वाट्या बाजूला ओढल्या. सरकारांनी डावा ब्रेक लावला. उजवा लावला. पाय ठेवायच्या पट्ट्या एकेक करून वर दुमडल्या. मग पुढे सरकले, इतके की मावशींनी डोळे मिटून घेतले. एक हात खुर्चीच्या दांड्यावर, दुसरा भिंतीला बसवलेल्या कठड्यावर. सिस्टरांचे दोन्ही हात त्यांच्याभोवती पसरलेले, पण टेकलेले नाहीत. कंबर सुटली, गुडघे वाकले, कठड्यावरचा हात सरकला. हाताने कठडा पुन्हा पकडला. आणि पिकलं पान झाडावरून यावं तसे सरकार डुलत, रेंगाळत, अलगद खाली आले.

"उतरला गं उतरला, राजा गादीवरून उतरला! गादी सोडून आला, सतरंजीला भुलला!" मावशींनी तिथल्या तिथे चाल लावली आणि टाळ्या पिटल्या. सिस्टरांना हसू आवरेना. त्यांनी कागदाच्या कडेला कोऱ्या जागेत लिहिलं: 'पडले नाहीत. स्वतः उतरले. दुसऱ्यांदा माझ्यासमोर. पट्ट्याची गरज नाही. इथे दुसरा कठडा बसवावा.' खाली सही ठोकली.

"आता एवढंच सांगा. कारण काय लिहू? उतरलात कशाला?"

सरकार बराच वेळ शब्दाची वाट बघत राहिले.

"वर्षभर... वरून... हिचा भांगच दिसतो. म्हटलं... तोंड बघावं."

"आणि मला याचे मोजे," रंगारीण कागदावरून नजर न उचलता म्हणाली. "वर्षभर तेवढेच बघतेय. एका जोडीचे कधी नसतात."

सगळ्यांनी बघितलं. एक निळा होता, एक करडा.

"हे मी काही लिहिणार नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी लिहिलं: 'समोरासमोर बोलण्यासाठी.' मग जाता जाता दारात थांबल्या. नियमाने शेवटी एकदा विचारावंच लागतं.

"म्हणजे सरकार, पडला नाहीत, हे नक्की?"

सरकारांचे कान लाल झाले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"पडलो," ते म्हणाले. "पण... ते आज नाही."

मावशींनी पदर तोंडाला लावला. सिस्टर कागदाकडे बघत राहिल्या, त्यात कुठे जागा आहे का शोधत असल्यासारख्या.

रंगारणीने ब्रश पाण्यात बुडवला. सतरंजीवर जराशी पलीकडे सरकली, आणि अलीकडे एका माणसापुरती जागा झाली.