रतनसिंगचा नेम

तांड्यावरचा नगारा सोडून रतनसिंग मंगरूळच्या बँडात आला आणि सगळ्यात मोठा भोंगा त्याच्या गळ्यात पडला. खालचा घुमता सूर त्याचा. तो फुंकायला पोटातून दम लागे. कस्तुरचंद सेठजींच्या पोरीचं लग्न ही त्याची पहिलीच सुपारी. सकाळच्या चहावर सगळे वाजवत होते.

ऊन कललं तसा बँडमास्तर सेठजींना म्हणाला, "पोरं दोन घास खाऊन घेतात."

"वरात दारात येऊन राह्यली अन् तुमाले जेवण सुचते? वाजवा!"

व्याही नाचले, जावई नाचले, वरात काही दारात येईना. अखेर मांडवात पोचले तेव्हा आचारी चूल विझवत होता.

"दिवस बुडाला," सेठजींनी हात जोडले. "आता आमच्या घरी कोणालेच अन्न वाढत नाही. नेम आहे आमचा."

रतनसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरने त्याचा दंड दाबला. "गप राह्य. एक शबूद बोलला तं उद्या तांड्यावर वापस."

लग्न लागलं. सेठजी म्हणाले, "हं, आता नवरा-नवरीले वाजतगाजत वऱ्हाडाच्या जानोशावर पोचवा."

रतनसिंगने भोंगा गळ्यातून काढला आणि सेठजींच्या पुढ्यात उपडा ठेवला.

"रात्री वाजवत नाही, सेठजी. आमचाबी नेम आहे."

"असं? कवापासून रे?"

उत्तर मास्तरने दिलं, आपली क्लॅरिनेट खोळीत घालता घालता.

"दिवस बुडाल्यापासून."