दातेरी कडं

“उघडायलाच हवं का?” आईने पुन्हा विचारलं.

आरोहीने बाह्या वर सारल्या. गॅरेजच्या मागच्या अंगणात बाबांचा पिकअप ठोकळ्यांवर चढवून ठेवला होता. केबिनचं छत चेपलेलं, काचा नाहीत, हौद्यात नर्मदेचा गाळ वाळून भेगाळलेला. मागची चाकं काढली होती. त्यांच्या मधोमध, आसावर, भोपळ्याएवढा लोखंडी गोळा होता. आरोहीला जे हवं होतं ते त्या गोळ्यात होतं.

मानाजीकाकांनी स्टूल पुढे सरकवलं. “बसा वहिनी. मैं हूँ ना.”

काका देवासचे, बाबांचे जुने मिस्त्री. बाबा बाग नावाच्या गावाहून छापील कापडाचे गठ्ठे आणून देवास-इंदूरच्या दुकानांत पोचवत. वाटेत घाट, नाले, कच्चे रस्ते. म्हणून मागच्या चाकांना लॉक काकांनीच बसवून दिलं होतं.

भाद्रपदात ही गाडी निसरपूरजवळ पाण्यातून काढली. तिथला जुना रस्ता आता सरळ धरणाच्या पाण्यात उतरतो. पोलिसांनी अपघात लिहिला. धारच्या घरी तेराव्याला आलेली माणसं मात्र ‘अपघात’ म्हणताना आवाज खाली घेत होती. रिकामी गाडी घेऊन बाबा तिकडे कशाला गेले होते, हे कुणी विचारत नव्हतं. ते न विचारणंच आरोहीला ऐकू यायचं.

भोपाळला कॉलेजच्या ग्रंथालयात ती पुन्हा कामावर गेली, पण एकही पुस्तक धड वाचून होईना. दुसऱ्या पानाशीच प्रश्न आडवा यायचा. बाबा पाण्यात घसरले, की उतरले?

शेवटी तिने काकांना फोन केला. मी येईपर्यंत मागचा आस उघडू नका, एवढंच सांगितलं.

“आधी नीट समजावून सांगा,” ती आता म्हणाली. “मग उघडा.”

काका उकिडवे बसले. “देख बेटा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना एकत्र जखडलं तर टायर घासणार. म्हणून यात गिअर असे बसवलेत की दोघांनी आपापल्या चालीनं फिरावं. सडकेवर एकदम बढिया. पण एक चाक चिखलात गेलं की गडबड. इंजिनाचा सगळा जोर त्या फिसलणाऱ्याकडेच जातो. दुसरं बिचारं पक्क्या जमिनीवर उभं, पण त्याला काहीच नाही.”

“म्हणजे घसरेल त्यालाच सगळं.”

“घरोघरी हेच तर चालतं. जो पोरगा बिघडला, सब उसी को.” काका हसले. आई हसली नाही.

“आणि लॉक?”

“केबिनमधला दांडा ओढला की तारेनं आत एक दातेरी कडं सरकतं. ते दोन्ही चाकांना बांधून टाकतं. मग एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं. गाडी बाहेर.”

तो दांडा क्रेनने गाडी ओढताना तुटून गेला होता.

“ते कडं पाण्याच्या जोरानं सरकलं असेल तर? किंवा धक्क्यानं?”

“ना. पक्का खटका आहे त्याला. माणसानं सरकवलं तरच सरकतं.”

“बाबा लॉक लावूनच गेले असतील तर?”

“डांबरी रस्त्यावर लॉक कोण लावतं? वळणावर टायर बोंबलतात. भाऊंनी ओढला असेल तर तिथंच, पाण्याच्या कडेला.”

“म्हणजे कडं पुढे असेल तर बाबा बाहेर यायची धडपड करत होते.”

“हो.”

“आणि मागे असेल तर?”

काकांनी पाना उचलला.

गंज चढलेला असेल, हातोडा लागेल, असं आरोहीला वाटलं होतं. बोल्ट सहज सुटले. खाली ठेवलेल्या घमेल्यात दुधट तेलाचे चार थेंब पडले. बाकीचं नदीनेच नेलं असणार. काकांनी झाकण बाजूला ठेवलं आणि आत टॉर्च मारला.

आरोहीने डोळे मिटून घेतले. आई जागची हलली नाही.

“बघ, बेटा.”

तिने बघितलं. दात दातांत घट्ट बसले होते.

“पुढे आहे?”

“पूरा. भाऊंनी ताकद लावून ओढलंय.”

आरोहीने हात आत घातला आणि बोट त्या दातांवरून फिरवलं. मग ती तिथेच मातीत बसली आणि रडली. तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती. आईने पदराने तिचा चेहरा पुसला, लहान असताना पुसायची तसा, जरा जोरानेच.

“आई, बाबा परत येत होते गं.”

“मग मी वेगळं काय सांगत होते? माझं ऐकशील तर ना. पुस्तकात नसलं की तुला पटत नाही.” आईने तिला दंड धरून उठवलं. “आज तरी पोटभर जेव. जा, रिक्षा बघ. मी भाऊजींचा निरोप घेऊन आलेच.”

रस्त्यावर ऊन उतरलं होतं. पलीकडच्या गाडीवर कचोऱ्या तळत होत्या आणि आरोहीला भूक लागली होती. खरी, साधी भूक. निसरपूरच्या चिखलात गिअर टाकणारे बाबा तिला आता दिसत होते. कपाळाला आठ्या, तोंडात शिवी, दोन्ही हातांनी दांडा ओढणारे. किती दिवसांनी ते तिच्याकडे तोंड करून उभे होते.

रिक्षा थांबली. आई काही आली नाही. आरोही तिला बोलवायला परत आत गेली आणि अंगणाच्या दाराशी थबकली.

आई त्या उघड्या गोळ्यापाशी टॉर्च धरून वाकली होती.

“भाऊजी, ते कडं आता परत मागे घ्या,” ती म्हणत होती. “ह्यांनी ठेवलं होतं तसं.”