पिसांचा टोप

"हे घालून तुमचे मास्टर स्टेजवर येतील," म्हणत आयोजक वाघचौऱ्यांनी पिसांचा टोप आणि गवताचा घागरा टेबलावर टाकला. टोपाला गोंदाचा घाण वास मारत होता.

मला शिसारी आली. फिलिपिन्समध्ये सहा वर्षं मी या शेजारी बसलेल्या मास्टरकडे एस्क्रिमा, म्हणजे काठीची लढाई शिकलो. मास्टर गोदीतले हमाल. सलूनच्या मागच्या अंगणात, बनियन आणि स्लिपरवर, वेताच्या एका काठीने भल्याभल्यांना लोळवायचे. अंगावर पीस कधी चढवलं नाही.

"लाज वाटत नाही? त्यांच्या बापजाद्यांची विद्या आहे ती. तिचं असं सोंग करता?"

वाघचौऱ्यांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. "सर, तुमच्याच क्लासच्या जाहिरातीवरून शिवून घेतलंय."

फोटोत मीच होतो. उघडाबंब, डोक्यावर पिसं, खाली 'प्राचीन आदिवासी युद्धकला'. त्या जाहिरातीनंतर नाशिकमध्ये माझ्या दोन बॅचच्या चार झाल्या होत्या.

मास्टरना मराठी कळत नव्हती. ते टोप कौतुकाने निरखत होते. काल स्टेशनवर आम्ही त्यांना फेटा बांधला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाहुण्याला हाही बांधतात का तुमच्याकडे?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

वाघचौरे माझ्याकडे बघत राहिले.

"हो, मास्टर," मी म्हणालो.

त्यांनी आदराने डोकं पुढे केलं, आणि तो टोप मी माझ्या हातांनी त्यावर नीट बसवला.