सासूबाईंचं बी

ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे उलटे लटकून मेले होते. सुभद्राने एकाला बोट लावलं, तर फुटून त्याचं पाणी झालं.

तिच्या भाचीच्या, कल्याणीच्या प्रयोगशाळेतला जीवाणू या किड्यांच्या पोटात राहून रोगाशी लढायचा. कित्येक वर्षांत गावातला एकही किडा रोगाने मेला नव्हता. यंदा नवा रोग आला आणि तो जीवाणूला जुमानेना.

"मग किडे स्वतः का नाही लढले गं?" सुभद्राने शेजारी उभ्या कल्याणीला विचारलं. "सासूबाईंच्या वेळी रोग आला की अर्धे मरायचे. उरायचे त्यांचीच अंडी आम्ही बी म्हणून धरायचो."

"तेच थांबलं, मावशी. जीवाणूच्या जिवावर दुबळेही जगले, त्यांचीही अंडी आली. किड्यांची स्वतःची ताकद पिढ्यांमागून पिढ्या कमी होत गेली."

"तुला ठाऊक होतं?"

"शंका होती," कल्याणी खाली बघत म्हणाली.

"आणि सासूबाईंचं बी? वेगळं जपते म्हणून नेलं होतंस ना?"

"त्यालाही जीवाणू दिला. पीक चांगलं येत होतं, मावशी."

सुभद्रा पुढे चालत राहिली. टोकाच्या झाडावर थोडे किडे अजून पानं कुरतडत होते. कल्याणीने घाईने डबा उघडला.

"हे दे मला. प्रयोगशाळेत वाचवते."

सुभद्रा झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"घरची पोर म्हणून तेव्हा बी दिलं," ती म्हणाली. "आता जेवून जा बाई, पण या झाडाला हात लावू नको."