आठवणीचं प्रथिन

रविवार आला की सरदारपूरचे नारायणराव मुलासाठी मुली बघायला निघतात. सगळ्या घराचा नाश्ता फुकटात होतो. या रविवारी देवासला स्वानंदीचं घर होतं. पोह्यांवर मूठभर सेव टाकत त्यांनी विचारलं, "मतलब बेटा, तू दिवसभर उंदीरच बघतेस? लग्नानंतर हे सोडावं लागेल. आमच्याकडे नाही चालत."

स्वानंदी मेंदूवर संशोधन करते. ती शांतपणे म्हणाली, "मेंदूत मज्जापेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशी असतात, काका. त्यांचं एक प्रथिन काढून घेतलं, की उंदराला शिकलेलं आठवत नाही. काल ज्या खोक्यात झटका बसला, त्याच खोक्यात तो आज खुशाल शिरतो."

"एवढी बेअक्कल जात," नारायणराव हसले. मुलगा हसला. त्याच्या आईनं हसत हसत आणखी पोहे मागितले. स्वानंदीचे बाबा मात्र तिला डोळ्यांनीच गप्प राहा म्हणत होते. तिशी उलटलेल्या मुलीला स्थळं काय रोज येतात?

 

"उंदराचं प्रथिन आम्हाला काढावं तरी लागतं, काका. तुम्ही गेल्या वर्षी याच सोफ्यावर पोहे खाऊन, याच उंदरांवरून मला नाकारून गेला होतात."